मकबूल पेंटरची कोरी भिंत

नांदेडच्या इतवाऱ्यात मकबूल पेंटरला शोधायचं तर घर विचारू नये, बोर्ड बघत यावं. ज्या बोर्डावर माशीला बसायला जागा नाही, तो मकबूलचा. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या बोर्डावर गिरणीचं नाव, नावाला लाल सावली, सावलीला पिवळी किनार, किनारीला काळी रेघ. डाव्या कोपऱ्यात गव्हाची ओंबी, उजव्या कोपऱ्यात ज्वारीचं कणीस, आणि मधे चार बोटं जागा उरली तिथं मोर. गिरणीवाल्यानं विचारलं होतं, "भाई, गिरणीत मोराचं काय काम?"

"जागा होती," मकबूल म्हणाला.

एवढ्यात माणूस कळतो. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं, बोर्ड म्हणजे दस्तरखान. जेवायला बसलेल्या पाहुण्याला दोन ताटल्यांमधे कापड दिसलं की घरमालकाची अब्रू गेली. ही शिकवण मकबूलनं तीस वर्षं इमानानं पाळली. त्याची बायको सुलतानबी शेजारणींना सांगायची, "हे भांडायला लागले तरी मधे जागा सोडत न्हाईत. मी बोलू कुठं?"

अशा माणसाच्या पलंगाखाली आठ वर्षं एक पत्र्याची पेटी होती, आणि त्या पेटीत कोऱ्या जागांची पुस्तकं होती. नशिबाला थट्टेची लहर आली की ते असलंच काहीतरी करतं.

पेटी आली भूकंपाच्या पाठोपाठ. त्र्याण्णव साली गणपती बोळवले आणि पहाटे जमीन हलली. आमच्या गल्लीत मांडणीवरची भांडी वाजली, लोक रस्त्यावर येऊन बसले. तिकडं लातूरच्या बाजूला गावंच्या गावं आडवी झाली. मग दोन वर्षांनी माळावर नवी गावं उभी राहिली. औशाकडच्या अशाच एका नव्या गावात घरांवर नंबर टाकायला पेंटर पाहिजे होता. मकबूल ब्रश, डबे आणि वळकटी घेऊन गेला.

घरं मजबूत होती, पण सगळी एका साच्यातली. ओळीनं उभी, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. जुन्या गावात लोक चिंचेवरून, आडावरून, कुणाच्या तरी गोठ्याच्या वासावरून घरी पोचायचे. इथं ना चिंच, ना आड. माणसं भलत्याच घरात शिरायची. केवळाबाई म्हणून एक म्हातारी एकदा भलत्याच घरात जाऊन चूल पेटवून बसली. सहा भाकरी थापल्या. घरमालक आला, त्याला वाटलं मामाकडची कुणी असेल. बिचारा बसला, जेवला, हात धुतला आणि मग म्हणाला, "मावशी, तुमी कोन म्हनायच्या?"

तिथली साहेबीण होती सुकन्या. पुण्याची, आर्किटेक्ट, वय पंचविशीचं, पायात बूट आणि सगळ्या कामाची घाई. मकबूलनं पहिल्या घरावर नंबर टाकला. एकाचा आकडा, त्याला निळी सावली, भोवती वेल आणि दोन्हीकडून आकड्याकडं बघणारे दोन पोपट. अर्धा दिवस गेला. सुकन्या आली, बघत राहिली.

"मकबूलभाई, चारशे अडतीस घरं आहेत."

"हाव ताई. प्रत्येकाचे पोपट वेगळे काढीन, फिकीर नको."

तिनं जीपमधून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि एक पान उघडून धरलं. पांढऱ्या पानावर एक काळा आकडा. भला मोठा. दुसरं काहीच नाही.

"असा पाहिजे. साधा, जाड, पार रस्त्याच्या टोकावरून दिसणारा."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही."

हे 'बाकी काही नाही' मकबूलच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. पण हुकूम तो हुकूम. चारशे अडतीस दारांवर त्यानं चारशे अडतीस उघडेबोडके आकडे काढले. गंमत अशी की लोक घरी पोचायला लागले. केवळाबाईला वाचता येत नव्हतं, पण दोनशे बाराचा आकार तिनं डोळ्यात धरला: बगळा, पळी, बगळा. तेवढं म्हणत म्हणत ती रस्त्यानं यायची आणि बरोब्बर आपल्याच चुलीपाशी बसायची.

काम संपलं, सुकन्याची बदली झाली. जाताना तिनं पेटी मकबूलच्या हवाली केली. "फार ओझं होतंय. दोन-तीन महिन्यांत येऊन नेते. तोवर बघत चला, तुमच्या कामाची आहेत."

आता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली म्हणजे ती अमानत. मकबूल नमाज चुकवील एखाद वेळ, अमानत चुकवणार नाही. दर उन्हाळ्यात तो पेटी गच्चीवर न्यायचा, पुस्तकांना ऊन दाखवायचा, कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुलिंबाचा पाला घालायचा. आणि पाला घालायचा तर पान उघडावं लागतं, आणि पान उघडलं की नजर पडते.

नऊ पुस्तकं होती, सगळी इंग्रजी. मकबूलचं उर्दू पक्कं, मराठी पक्कं, इंग्रजी बोर्डापुरतं. एक पुस्तक घरांचं होतं. चौकोनी घरं, वर सपाट, कठड्याला नक्षी नाही, खिडकीला कमान नाही, पुढची अख्खी भिंत काचेची. सुलतानबीनं डोकावून बघितलं.

"हाय अल्ला, यांच्याकडं पन भूकंप झाला का? सगळा सज्जाच पडलाय."

"न्हाई गं. हे असंच बांधलंय."

"मंग गवंडी पळाला असंल."

दुसरं अक्षरांचं. एका आख्ख्या पानावर एकच इंग्रजी अक्षर, उलट्या टांगलेल्या चष्म्यासारखं. त्याच्या डोक्यावरून, पोटातून आणि पायाखालून बारीक रेघा गेलेल्या. त्या रेघा बघून मकबूलला एकदम घरच्यासारखं वाटलं. तो स्वतः निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून टिचकी मारतो आणि तशाच रेघा पाडतो. अक्षराचं पोट वर सरकू नये, पाय खाली घसरू नये म्हणून. म्हणजे हे लोक अडाणी नव्हते. धंद्यातले होते. मग एवढं शिकलेल्या माणसांनी एवढी जागा सोडली का? रंग संपला? मालकानं काम अर्ध्यात काढून घेतलं? तिसऱ्या पुस्तकात एक लाल गोळा, त्यावरून एक तिरपी काळी पट्टी, आणि तळाशी मुंगीएवढे तीन शब्द. मकबूलनं पुस्तक आडवं धरलं, उलटं धरलं, दिव्यासमोर धरलं. काही सापडलं नाही.

त्याची लेक कहकशां बारावीपर्यंत पोचली तेव्हा तिला बसवून त्यानं एक पान वाचून घेतलं.

"अब्बा, इथं म्हनतात, मोकळी जागा रिकामी नसते. ती काम करत असते."

"काय काम?"

"ते पुढं लिहिलंय. पन पुढचं मलाच कळंना."

मकबूलनं पानात पाल्याची काडी ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे मी मोर काढतो तवा काम करनाऱ्याच्या छातीवर बसतो का काय?"

त्या दिवसापासून त्याचा हात बिघडला. भरता भरता ब्रश थांबायचा. शेरवानीच्या एका दुकानाच्या बोर्डावर त्यानं उजवीकडं दोन हात जागा तशीच ठेवली, तर दुकानदार गल्लीत येऊन ओरडला, "पेंटरसाब, तिथं पोटभाडेकरू ठेवायचाय का?" मकबूलनं मुकाट जाऊन गुलाब भरले. घरी येऊन पुस्तक उघडलं. पुन्हा मिटलं. भरलं तरी मन खात होतं, सोडलं तरी खात होतं.

एवढ्यात फ्लेक्स आला. सिद्धराम नावाच्या पोरगेल्या दुकानदारानं स्टेशन रोडला मशीन टाकलं. सकाळी फोटो द्या, संध्याकाळी दहा फुटांचा माणूस तयार. मकबूलचं एकेक गिऱ्हाईक तिकडं सरकलं. गिरणीवालासुद्धा गेला, मोर उतरला आणि तिथं गिरणीवाल्याचा स्वतःचा हसरा फोटो लागला, जो मोराइतका देखणा नव्हता हे गल्लीतलं कुणीही सांगेल. सिद्धराम मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "चाचा, माझ्याकडं या. चौकटीला फ्लेक्स ताणून खिळे मारायचे. हात तुमचा सरळ हाय." सुलतानबीनं एकोणतीस दिवस ऐकून घेतलं आणि तिसाव्या दिवशी म्हणाली, "कहकशांचे अब्बा, या जूनपर्यंत ब्रशचं एक मोठं काम दाखवा. न्हाईतर एक जुलैला हातोडी घ्या." मकबूलनं शब्द दिला.

आणि मोठं काम आलं, तेही लातुराहून. दोन हजार तीनचा उन्हाळा. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत म्हणजे गावोगावची पोरं पोत्यानं ओतलेली. त्यात आप्पासाहेब सरांनी नवा क्लास काढला. हे आप्पासाहेब म्हणजे त्या केवळाबाईचाच मुलगा. नऊ वर्षं वीरभद्र सरांच्या क्लासात फिजिक्स शिकवलं, शेवटी बिनसलं आणि बरोब्बर समोरच्याच इमारतीत स्वतःचं दुकान थाटलं. इमारतीची रस्त्याकडची भिंत चाळीस फूट लांब, वीस फूट उंच.

"मकबूलभाई, तुमच्या आकड्यामुळं माझी आई घरी पोचते," ते म्हणाले. "म्हणून तुम्हाला बोलावलं. असं काही करा की फ्लेक्सवाल्याच्या बापाला जमू नये."

मकबूलनं बेत केला: मधोमध सूर्य, त्यातून निघणारं रॉकेट, अणूची वेटोळी, पुस्तकावर बसलेला गरुड, आणि कडेनं वेल. परांची बांधली. भिंतीला पांढऱ्याचे दोन हात दिले. दोरा ताणला, टिचकी मारली, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, सुरुवात म्हणून, काळ्या रंगात नाव घातलं: आप्पासाहेब सर, फिजिक्स, अकरावी-बारावी. सावली नंतर देऊ म्हणाला. खाली उतरला आणि रस्त्याच्या वळणावर, दोन्हीकडच्या इमारती दिसतील अशा केरबाच्या हॉटेलात चहाला बसला, गरुड कुठं बसवायचा ते बघायला.

गल्लीत बोर्डांची जत्रा भरली होती. चेहरे, टक्के, बाण, चांदण्या, चार रंगांतली अक्षरं. नजर त्यातून ढकलाढकली करत यायची आणि त्या पांढऱ्या भिंतीवर येऊन टेकायची, उन्हातून चालून आलेला माणूस ओट्यावर टेकतो तशी. टेकली की मग हळूच खाली डावीकडं जायची. नावावर. मकबूलनं तीनदा डोळे दुसरीकडं नेऊन परत आणले. तिन्ही वेळा तेच झालं. त्यानं चहा संपवला, दुसरा मागवला. उठून परांची चढायची होती. पाय उचलेना.

आप्पासाहेब बाहेर आले. "आता पुढं काय काढणार?"

"झालं," मकबूलच्या तोंडून गेलं, आणि तो स्वतःच दचकला.

"झालं म्हंजे?"

"म्हंजे... झालं, सर."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही."

आप्पासाहेब फिजिक्सचे, न कळलेल्या गोष्टीला पटकन चूक म्हणायचं नाही अशी सवय. त्यांनी दोन दिवस भिंत निरखली आणि म्हणाले, "वेगळी दिसते खरी." मकबूल नांदेडला परतला तो हवेत चालत, आणि दर चार पावलांनी थांबून, आपण काम पुरं केलं की अर्ध्यावर पळालो हे स्वतःला विचारत.

मग बारावीचा निकाल लागला. आता लातूरची एक रीत सांगायला पाहिजे. निकाल लागला की प्रत्येक क्लासच्या बोर्डावर पास झालेल्या पोरांचे चेहरे चढतात. तिकडून गावोगावचे आईबाप पोराला घेऊन उतरतात, आणि आत जाऊन शिकवणं कसं ते विचारत बसत नाहीत. रस्त्याच्या पलीकडं उभं राहून डोकी मोजतात. ज्याची डोकी जास्त, त्याच्याकडं पोरगं. वीरभद्र सरांचा बोर्ड गच्च होता. एकच हुशार मुलगी तिथं दोनदा होती, एकदा चष्म्यासकट आणि एकदा चष्म्याशिवाय.

आप्पासाहेबांचा निरोप आल्यावर मकबूल लातूरला धावला आणि केरबाच्या हॉटेलात बसून स्वतःच्या कानांनी ऐकू लागला. नायगावचा बजरंग नावाचा शेतकरी मुलाला घेऊन आला होता. बोट हलवत त्यानं वीरभद्र सरांची डोकी मोजली.

"एकशे अठरा. आन् ह्या समूरच्याची?"

"एकबी न्हाई," केरबा म्हणाला.

"एकबी न्हाई? मग शून्य तरी काढायचं व्हतं की भितीवर! का पेंटर पैसे घेऊन पळाला?"

पेंटर त्याच्या शेजारीच खारी बुडवत होता. खारी चहात पडली.

याहून वाईट पुढं होतं. चाळीस फूट पांढरं काही त्या गल्लीत दुसरं नव्हतं, म्हणून ऑटोवाल्यांनी थांब्यालाच ते नाव पाडलं. बसस्टँडवर ओरडायचे, "कोरी भिंत! कोरी भिंत! चला, दोन शीट!" लोक कोऱ्या भिंतीपाशी उतरायचे, भिंतीकडं पाठ करून समोरची डोकी मोजायचे आणि वीरभद्र सरांकडं नाव घालायचे.

"सगळ्या लातुराला माझी भिंत माहीत आहे," आप्पासाहेब म्हणाले, "आणि माझ्या वर्गात पाच पोरं आहेत. हे काय आहे ते मला समजावून सांगा."

मकबूलला समजलं असतं तर सांगितलं असतं.

"मंगळवारपर्यंत भिंत भरा. चेहरे काढा. पन्नास."

"कुनाचे, सर? तुमचं तर पहिलंच वर्ष हाय."

"कुणाचेही! चष्मेवाले काढा, हुशार दिसतात." एवढं बोलून आप्पासाहेबांचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना; पण पाच पोरांवर क्लास चालत नाही.

मकबूल घरी आला. चेहरे त्याला येत होते, पन्नास काय, शंभर. पण नसलेल्या पोरांना मार्क वाटायचे, ही भरलेली जागा कुठली? आणि नाही भरली तर काम गेलं, आणि काम गेलं तर हातोडी आलीच. त्यातच पोस्टानं सुकन्याचं कार्ड आलं. कहकशांनं उन्हाळ्यात पेटीतल्या एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर सुकन्यानं लिहिलेल्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर. भूकंपाला दहा वर्षं होत आली म्हणून मंगळवारी ती माळावरच्या त्या गावाची पाहणी करायला येणार होती, दुपारी लातुरात पेटी घेऊन जाईन म्हणत होती.

मकबूलच्या जिवात जीव आला. जिनं प्रश्न दिला तीच उत्तर घेऊन येतेय. मंगळवारी पहाटे पेटी एका हातात, रंगाचे डबे दुसऱ्या हातात, तो एसटीत चढला.

"पेटीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पुस्तकं."

"कशाची?"

मकबूल खरं बोलणारा माणूस. "मोकळ्या जागेची."

"मंग एवढी जड कशानं?" म्हणत कंडक्टरनं ती पायानं सीटखाली ढकलली. लोहा, अहमदपूर, चाकूर गेलं तरी मकबूल त्याच सवालावर विचार करत होता.

दुपारी सुकन्या आली. कानाशी केस पांढरे झालेले, जीपऐवजी स्वतःची गाडी. गाडीत मागं केवळाबाई; लेकाचा क्लास बघायचाच म्हणून गावाकडून हटून बसलेली. म्हातारीला सावलीत उतरवून सुकन्या भिंतीकडं बघत उभी राहिली. मकबूल पेटी घेऊन पुढं झाला.

"ताई, अमानत घ्या. एक पान कमी न्हाई. फक्त एक सांगा. ह्या पुस्तकांत जागा सोडलीय ती काम झाल्यावर सोडलीय, का काम व्हायचं राहिलंय? आठ वर्षं झाली, मला कळंना."

सुकन्यानं पेटी उघडली. कडुलिंबाचा वास आला. तिनं एक पुस्तक उचललं, परत ठेवलं आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली.

"मकबूलभाई, खरं सांगू? रागावू नका. ही मी कॉलेजात असताना जुन्या बाजारातून किलोवर घेतली. चित्रं बघितली. वाचली कुठे? परीक्षेत नुसती नावं लिहायची होती."

"आन् तुमी म्हनला ते, बाकी काही नाही?"

"चारशे अडतीस घरं होती आणि हातात बारा दिवस! तुम्ही पोपट काढत बसला असता तर लोकांनी दिवाळी रस्त्यावर केली असती."

मकबूल पेटीचं झाकण लावून तिच्यावरच बसला. आठ उन्हाळे पाला घातला होता त्यानं. हसावं की रडावं, त्याला ठरवता येईना. आप्पासाहेब दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते: चेहरे, चेहरे.

तेवढ्यात केवळाबाई काठी टेकत भिंतीपाशी गेली. हात फिरवून बघितला.

"आप्पा, चुना दिऊन ठिवला जनू. कार्य हाय का रं?"

"कसलं कार्य, आई?"

"मग भित पांढरी केली कशापायी? लगीन असल्यावरच करत्यात. चुना वाळला की पेंटर येतुया, हत्ती काढतुया, नवरानवरीची नावं ल्हितुया." तिनं मकबूलकडं मान वळवली. "ह्योच की त्यो पेंटर! बगळा, पळी, बगळा! का रं बाबा, नावं कवा ल्हिनार?"

आप्पासाहेब वैतागले. "अगं, नावं लिहायला पोरं कुठं आहेत? यायची आहेत अजून. लिहू पुढच्या जूनमध्ये!"

"मग तसं सांग की लोकास्नी. पांढरी भित बघून मानूस इचारनारच, कुनाचं लगीन हाय म्हनून."

मकबूल उठला. कितीतरी लग्नघरांच्या भिंती त्यानं रंगवल्या होत्या. चुना वाळेपर्यंत बाहेर बाजेवर बसून वाट बघितली होती, आणि तेव्हा ती भिंत अर्धवट आहे असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. चेहऱ्यांसाठी आप्पासाहेबांनी परत बांधून घेतलेली परांची तो चढला. दोरा ताणला, टिचकी मारली. खालून आप्पासाहेब ओरडत होते, "चेहरे वरून सुरू करा!" त्यानं चेहरे काढले नाहीत. त्या पांढऱ्याच्या मधोमध, खालच्या नावाएवढ्याच साध्या काळ्या अक्षरांत, त्यानं त्यांचंच वाक्य घातलं: नावं पुढच्या जूनमध्ये.

आप्पासाहेबांनी वाचलं. रागवायचं ठरवलं होतं, पण वाक्य त्यांचंच निघालं.

चार दिवसांनी नायगावचा बजरंग परत आला. पोराला घेऊन भिंतीखाली उभा राहिला, अक्षरं जुळवून वाचली. "फुडल्या जूनात ह्याचं नाव येईल का?"

"मार्क पडले तर येईल," आप्पासाहेब म्हणाले. "नाही पडले तर नाही येणार."

बजरंगनं मागं वळून वीरभद्र सरांच्या बोर्डाकडं बघितलं. "तितं एकशे अठरा झालेत. ह्यो एकशे एकुनिसावा. हितं पयला." आणि आत गेला. त्या वर्षी एकतीस पोरं आली. एकतीस म्हणजे लातुरात काही नव्हे, पण दिवे चालू राहिले. पुढच्या जूनमध्ये मकबूलनं भिंतीवर सहा नावं लिहिली. सहाच.

सुलतानबीनं मात्र हातोडीतून सुटका दिली नाही. एक भिंत म्हणजे धंदा नव्हे, म्हणाली. मकबूल आठवड्यातले तीन दिवस सिद्धरामकडं चौकटी ताणायला लागला. पेटी परत पलंगाखाली गेली, सुकन्या म्हणाली होती, "तुमच्याकडेच असू द्या. माझ्या घरात पाला कोण घालणार?" सुलतानबीनं पेटी बघून कपाळाला हात लावला आणि तिच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं.

आणि मग दुसऱ्या वर्षी जे झालं ते ऐकून आमची गल्ली आठ दिवस हसत होती. आप्पासाहेबांचं बघून सगळ्या ट्यूशनच्या गल्लीनं बोर्ड उतरवले. ज्याला त्याला कोरी भिंत पाहिजे. ज्यांना भिंत नव्हती त्यांनी पांढरा फ्लेक्स लावला, कोपऱ्यात मुंगीएवढं नाव. सिद्धराम मकबूलला म्हणाला, "चाचा, मशीन कोरंच कापड बाहेर टाकून राहिलंय. मी छापू काय?" ऑटोवाले ओरडायचे, "कोरी भिंत!" आणि लोक विचारायचे, "कंची?" अर्धापूरच्या एका केळीवाल्याचं पोरगं फिजिक्सच्या क्लासला म्हणून गेलं आणि नऊ दिवस जीवशास्त्र ऐकत बसलं. सरांनाही वाटलं, असेल कुणीतरी. दहाव्या दिवशी बेडूक फाडायची वेळ आली तेव्हा पोरगं उठून म्हणालं, "सर, तुम्ही कोण?"

शेवटी सगळे क्लासवाले केरबाच्या हॉटेलात जमले. पहिल्यांदाच वीरभद्र सर आणि आप्पासाहेब एका बाकड्यावर बसले. यावर उपाय काय, कुणाला सुचेना. आप्पासाहेब म्हणाले, "नांदेडहून एक माणूस बोलवा."

मकबूल आला. सगळी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. पांढरं, पांढरं, पांढरं. त्याला माळावरचं ते गाव आठवलं. मग त्यानं डबा उघडला आणि एकेका दारावर आकडे काढायला लागला. साधे, जाड, पार रस्त्याच्या टोकावरून दिसणारे. क्लास झाले, मग मागच्या गल्लीतली होस्टेलं, मेस, पोरांच्या खोल्या. सहा महिने ब्रश खाली ठेवायला मिळाला नाही. सिद्धरामची हातोडी सिद्धरामकडं गेली.

सात नंबर वीरभद्र सरांचा. तो काढून झाला, आणि मकबूल बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. मग त्यानं छोटा ब्रश घेतला, लाल रंगात बुडवला आणि साताला उजवीकडून सावली दिली. तेवढ्याच एका आकड्याला.

वीरभद्र सर बाहेर आले. त्यांनी सहा नंबर बघितला, आठ नंबर बघितला. "पेंटर, सगळ्यांचे साधे, आणि मलाच सावली का?"

"जागा होती," मकबूल म्हणाला.

ब्रश पुसून तो वळणावरच्या केरबाच्या हॉटेलात जाऊन बसला, सावली बरी दिसते की नको होती ते बघायला. चहा निवून त्यावर साय धरली, तरी त्याचं ठरलं नव्हतं.